पाना घेऊन आलेली पाहुणी

माझ्या सासूबाई कुणाच्याही घरी गेल्या की चप्पल काढता काढता पहिला प्रश्न विचारतात, "बाथरूम कुठंशी हाय?"

घरातली माणसं घाईघाईनं दार दाखवतात. वयस्कर बाई आहे, लांबून आलीय, शुगर असेल बिचारीला. सासूबाई आत जातात. मग आवाज यायला लागतात. आधी नळ उघडल्याचा, मग बंद केल्याचा, मग पुन्हा उघडल्याचा. मग बादली सरकवल्याचा. मग थोडा वेळ काहीच नाही, आणि हा थोडा वेळच मला सगळ्यात जास्त छळतो, कारण तेव्हा त्यांची पिशवी उघडत असते. मग लोखंडावर लोखंड. आणि शेवटी अख्ख्या घराला ऐकू जाईल असा त्यांचा आवाज: "वायसर गेलाय! दुसरं काय न्हाई!"

मी तोवर हातातल्या पोह्यांतले शेंगदाणे एका बाजूला करत असते. वर बघायची सोय नसते.

आमच्याकडे सासूला आत्या म्हणायची पद्धत आहे, म्हणून मीही आत्याच म्हणते. आत्या मूळच्या मावळातल्या. लग्न होऊन भोसरीला आल्या आणि नवरा गेल्यावर तिथल्याच एका वर्कशॉपमध्ये कामाला लागल्या. गाड्यांना लागणारे रबरी वॉशर तपासायची लाइन होती. फाटलेला, वाकडा, पातळ वॉशर बाजूला काढायचा, चांगला पुढे सोडायचा. आयुष्यभर हेच केल्यामुळे असेल, त्यांचा एक ठाम समज झालाय की जगात जे काही बिघडतं ते वॉशरमुळे. वॉशरला त्या वायसर म्हणतात. आमच्या मजल्यावरचा एक तरणाबांड मुलगा रोज कुणाशी तरी भांडून घरी येतो. त्याच्या आईनं एकदा रडत विचारलं, "आत्या, काय करू हो याचं?" आत्या म्हणाल्या, "वायसर गेलाय त्याचा. वरनं चकचकीत हाय, पन आतनं दाब धरत न्हाई." ती माऊली त्यावर बराच वेळ मान हलवत राहिली. तिला काय कळलं देव जाणे.

आत्यांच्या खांद्याला कायम एक जाड कापडी पिशवी असते. तीत पाण्याची बाटली आणि चष्म्याचं घर वरवर दिसतं. खाली पाना, दोन स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, टेपची रिळं आणि एका जुन्या पावडरच्या डब्यात नाना आकाराचे वॉशर. मी कितीदा तरी म्हटलं, निदान समारंभाला जाताना ही पिशवी घरी ठेवा. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "आन् तिथं गळत असलं म्हंजी?"

एकदा आम्ही पिंपरीहून मेट्रोनं पुण्यात एका नामकरणाला निघालो होतो. मी नवी साडी नेसलेली, आत्यांची पांढरी इस्त्रीची साडी, सगळं छान. स्टेशनवर पिशवी मशीनमधून गेली आणि मशीन थांबलं. सुरक्षेच्या माणसानं एकेक वस्तू टेबलावर मांडायला सुरुवात केली. मागे रांग वाढत चाललेली.

"ये सब लेके कहाँ जा रही हो, माताजी? काम पे?"

"काम पे न्हाई," आत्या म्हणाल्या. "बारसा है."

रांगेत कुणीतरी खिदळलं. मी अशी उभी राहिले की जणू ही बाई माझ्या ओळखीचीच नाही. तेवढ्यात आत्यांनी टेबलाला हात लावला आणि टेबल डुगडुगलं. पुढचं मी पाहिलं नाही, म्हणजे पाहायचं नाही असं ठरवलं, पण ऐकू आलंच. तो माणूस म्हणत होता, "अरे माताजी, छोडो," आणि आत्या खाली वाकून म्हणत होत्या, "नट ढिला झाला है, दोन मिनटं थांबो." टेबल नीट झालं. त्या माणसानं अगदी हात जोडून आभार मानले. पाना मात्र आत सोडला नाही, कारण नियम म्हणजे नियम. आम्ही बसनं गेलो. पोचेपर्यंत बाळाचं नाव ठेवून झालं होतं.

मला बघायला आल्या तेव्हाही हेच झालं होतं. माझं माहेर तळेगाव दाभाड्याचं. बाबा शाळेत शिक्षक, घरात सगळं टापटीप, पाहुणे येणार म्हणून आईनं पडदेसुद्धा धुतलेले. आत्या आणि त्यांचा मुलगा मिलिंद आले, जय भीम झालं, आणि आत्यांनी बाथरूम विचारलं. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले तर बघायला आलेली बाई जागेवर नाही. मिलिंद एकटाच बसलेला, कान लाल. आईनं चहा ठेवायला नळ सोडला तर पाणी नाही. आत्यांनी मेन बंद केला होता. "आदी मेन बंद, मंग बाकीचं," हा त्यांचा पहिला नियम आहे, आणि तो चांगलाच आहे, पण मुलगी बघायला आल्यावर तो कुणी पाळत नाही.

आतून हाक आली, "पोरी, जरा मोबाइलची बॅटरी धर गं."

मी गेले. ठेवणीतल्या साडीत, बाथरूमच्या ओल्या फरशीवर, दोन हातांनी मोबाइल धरून उभी राहिले. मला शिक्षण विचारलं नाही, स्वयंपाक विचारला नाही. एकच प्रश्न आला.

"हे कधीपास्नं गळतंय?"

"दिवाळीपासून."

"मंग?"

"बाबा म्हणाले, प्लंबर येणार आहे."

आत्यांनी दारातून हॉलकडे एक नजर टाकली. तिथं बाबा सोफ्यावर उगाच वर्तमानपत्राची घडी घालत बसले होते. एवढ्या मुलांना शिकवलेला माणूस, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा गृहपाठ न केलेल्या पोरासारखा झाला होता. मला बाबांची लाज वाटली, आत्यांची लाज वाटली, आणि माझ्या साडीच्या भिजलेल्या निऱ्यांचीही लाज वाटली. होकार दुसऱ्या दिवशी आला. मिलिंदनं नंतर सांगितलं की आई घरी जाताना म्हणत होती, पोरगी चांगली हाय, बॅटरी हलू दिली न्हाई.

आता आम्ही मोशीला राहतो. मी चाकणच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. दिवसभर आमच्या घरी आत्यांचा फोनवरचा दवाखाना चालतो. सोसायटीतल्या बायकांपासून माझ्या कंपनीच्या बसमधल्या मैत्रिणींपर्यंत सगळ्या फोन करतात, आणि खरं सांगायचं तर त्यांचे सल्ले उपयोगी पडतात.

"आत्या, शॉवरमधून धड पाणी येईना."

"बोरचं पानी हाय आपलं, खारानं भोकं बुजत्यात. पिशवीत लिंबाचा रस आन् कोमट पानी घाल, शावरच्या तोंडाला बांधून ठिव. सकाळी सोड आन् जुन्या ब्रशनं घास."

"कुलूप फिरत नाही. तेल सोडू का?"

"खबरदार! तेलाला धूळ चिकटती. शिसपेन्सिल घे, चावीवर चांगली घास, घाल आन् काढ, घाल आन् काढ."

"नळाला टेप कुठल्या बाजूनं गुंडाळायची?"

"आटं ज्या अंगानं बसत्यात त्याच अंगानं. उलटी गुंडाळलीस तर बसवताना सुटून हातात येती."

"स्विचला हात लावला की झिणझिण्या येतात."

"मेन पाड आन् वायरमन बोलाव. करंटशी मी सोयरीक करत न्हाई."

फोनवरच्या आत्या मला चालतात. फोनवरच्या आत्यांचा मला अभिमानसुद्धा वाटतो. लाज वाटते ती उंबरा ओलांडून आत येणाऱ्या आत्यांची.

त्या लाजेचा कळस झाला तो आमच्या मॅडमच्या घरी. मॅडम म्हणजे माझ्या डिपार्टमेंटच्या प्रमुख. त्यांनी रावेतला उंच टॉवरमध्ये फ्लॅट घेतला आणि आम्हा सगळ्यांना सहकुटुंब बोलावलं. मी आत्यांना घरातून निघताना बजावलं होतं. आत्या, नवा फ्लॅट आहे. सगळं कोरं आहे. तिथं काही गळत नसणार. आत्यांनी मान हलवली. मी त्यांची पिशवी हळूच गाडीतच राहू दिली आणि स्वतःवर खूश झाले.

पोचल्यावर त्यांनी बाथरूम विचारलंच. गेल्या. मी निश्चिंत होते, पिशवी नव्हती ना. पण बराच वेळ झाला तरी त्या बाहेर येईनात. मग सीऽऽ असा आवाज आला, कुकरची शिट्टी जास्त वेळ वाजावी तसा. मग कुणाच्या तरी मुलीनं ओरडून सांगितलं, "मम्मी, पाणी!"

झालं होतं असं की त्या बाथरूममधल्या नळाला मूठच नव्हती. हात पुढे केला की आपोआप पाणी सुटणारा नळ होता तो. आत्यांनी तसला नळ पाहिला नव्हता. त्यांना वाटलं मूठ निघून पडलीय आणि घरच्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांनी नियमाप्रमाणे मेन शोधला आणि बंद केला, पण तो निघाला वॉशिंग मशीनचा. मग पिशवी नसल्यामुळे केसांतल्या पिनेनं आणि पदराच्या पकडीनं त्यांनी नळाचं बूड फिरवलं.

पाणी पॅसेजमधून हॉलमध्ये आलं. पाहुणे मोजे काढून सोफ्यावर पाय घेऊन बसले. वॉचमननं अखेर त्या मजल्याचीच लाइन बंद केली, त्यामुळे मॅडमच्या शेजाऱ्यांशी त्यांची पहिली ओळख कोरड्या नळांनी झाली. या सगळ्यातून आत्या पदर पिळत बाहेर आल्या. चेहऱ्यावर अपराधीपणाचा लवलेश नाही, उलट तक्रार. "याला वायसरच न्हाई! आता वायसर नसलेल्या वस्तूवर मानसानं इस्वास ठिवायचा कसा?"

मॅडम म्हणाल्या, "इट्स ओके, इट्स ओके." दोनदा म्हणाल्या म्हणजे ओके नव्हतं.

सोमवारी कंपनीच्या बसमध्ये सगळ्यांना माहीत झालेलं होतं. मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं, "सुजाता, आमचा फ्लश बिघडलाय गं, सासूबाईंना पाठवतेस का?" मी कानात इअरफोन घालून खिडकीबाहेर बघत बसले. इअरफोनमध्ये काहीही वाजत नव्हतं.

त्या रात्री जेवताना मिलिंदनं विषय काढला. असल्या प्रसंगी मिलिंद सहसा गाडी नीट लावलीय का बघायला पार्किंगमध्ये जातो, पण त्या दिवशी मी त्याला बसवूनच ठेवलं होतं.

"आई, लोकांच्या घरी कशाला हात लावायच्या आधी विचारावं गं."

"इचारलं की न्हाई म्हंत्यात."

"मग नाही म्हणाले तर नाही. विषय संपला."

"गळत असतंय तरी न्हाई म्हंत्यात," आत्या म्हणाल्या आणि भाकरी मोडून आमटीत कुस्करायला लागल्या. खरंच विषय संपला.

मागच्या थंडीत माझे बाबा गेले. आजारपण वगैरे काही नाही. सकाळी फिरून आले, खुर्चीत बसले आणि चहा येईपर्यंत गेले. मी तळेगावला धावले ती तिथंच राहिले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम व्हायचा होता, तोवर भेटायला येणाऱ्यांची रीघ. बाबांचे विद्यार्थी, त्यांचे सहकारी, गल्लीतले, नात्यातले. दार सकाळी उघडायचं ते दिवसभर उघडंच. बाहेर जिन्यात चपलांचा ढीग.

आई रडत नव्हती. येईल त्याला बसा म्हणायची, चहा झाला का विचारायची, कुणाच्या पोराला बिस्किट द्यायची. बायका तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणायच्या, "रडून घे बाई, मोकळी हो." आई त्यांच्याकडे बघून मान हलवायची, जणू कुणी औषधाची वेळ सांगितलीय. मग पुन्हा चहाचं बघायला उठायची.

आत्या आणि मिलिंद एका दुपारी आले. हॉल भरलेला होता. बाबांचे थोरले भाऊ, आमचे मोठे काका, मधोमध बसले होते. काका चांगले वक्ते आहेत. ते अनित्यतेबद्दल बोलत होते आणि सगळे खाली मान घालून ऐकत होते. आत्या आईशेजारी जाऊन बसल्या. तिचा हात हातात घेतला.  बाथरूम विचारलं नाही. मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

मग मी पाहिलं की आत्यांची नजर इकडेतिकडे फिरतेय. फिरत फिरत ती पुढच्या दाराच्या वरच्या टोकाला जाऊन थांबली. मी मनात म्हटलं, आत्या, नको. आज नको.

आत्या उठल्या. दाराशी गेल्या. चपलांचा ढीग पायानं बाजूला सारला, दार अर्धं लोटलं, आणि वर हात केला. टाचा उंचावल्या. मग स्वयंपाकघरातून स्टूल आणलं. मग पिशवी उघडली.

"जे जे निर्माण झालं, ते ते सगळं..." काका म्हणत होते.

"किर्रर्र," दार म्हणालं. गंजलेला स्क्रू निघत होता.

काका थांबले. सगळ्यांच्या माना वळल्या. मामेबहिणीनं तोंडावर पदर घेतला, आणि ती रडत नव्हती हे मला तिच्या खांद्यांवरून कळत होतं. मिलिंद फरशीकडे बघत होता. इथं पार्किंगही नव्हतं. माझी कानशिलं तापली. बाप गेल्याच्या दुःखात लाजेला कुठून जागा असणार असं वाटलं असतं, पण तिला पुरेपूर जागा होती. बाबांचे विद्यार्थी बसलेले, शाळेतले शिक्षक बसलेले, आणि माझी सासू स्टुलावर चढून दार खोलतेय.

मी उठून गेले. हळूच म्हटलं, "आत्या, आज राहू द्या ना. लोक बघतायत."

"बघू दे. हे धर." त्यांनी माझ्या तळहातावर स्क्रू ठेवले. गंजलेले, गार. आता मला जागेवर परतताही येईना. भरल्या घरासमोर हातात स्क्रू घेऊन मी उभी.

काकांचा आवाज आला. शांत, पण शाळेच्या तपासणीला आलेल्या साहेबासारखा. "विहीणबाई, हे नंतर केलं असतं तर चाललं नसतं का?"

"नंतर कोन येतंय, भाऊ?" आत्या वळून न बघताच म्हणाल्या.



दाराची मधली कडी फार वर्षांपूर्वी मोडली होती. तेव्हा बाबांनी स्वतःच वर एक नवी कडी बसवली होती, त्यांच्या हाताला येईल अशी. बाबा चांगले उंच होते. आई त्यांच्या खांद्याच्याही खाली. रोज झोपायच्या आधी बाबा उठायचे, हात वर करायचे आणि ती कडी लावायचे. आईला ती कधी लावावीच लागली नव्हती. हे सगळं मला लहानपणापासून माहीत होतं. गेले काही दिवस रोज निजताना मीच स्टुलावर चढून ती कडी लावत होते, आणि तरीही मी परत मोशीला गेल्यावर ती कोण लावणार, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

आत्यांनी कडी काढून घेतली, खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "विहीणबाई, जरा इकडं या."

आई उठली. बायकांनी तिला वाट दिली.

"हात वर करा. लांबवू नका. आपसूक जातो तेवढाच."

आईनं हात उचलला आणि दारावर टेकवला. खांद्याच्या जरा वर. तिथंच जुन्या मोडक्या कडीची भोकं होती. आत्यांनी कडी तिथं धरून पाहिली, स्क्रू पिळला, पण तो नुसताच फिरायला लागला.

"आगपेटी आना कुनीतरी."

काकांनीच स्वतःच्या खिशातून काढून दिली. आत्यांनी काड्यांचे गूल मोडले, काड्या भोकात कोंबल्या, बाहेर राहिलेली टोकं मोडून टाकली आणि त्यातच स्क्रू पिळला. "भोक मोठं झालं की स्क्रूला बोल लावायचा न्हाई," त्या माझ्याकडे न बघता, पण मलाच सांगत होत्या. "आत लाकूड भरायचं. मंग धरतंय." स्क्रू करकरत आत गेला आणि बसला. मी एकेक स्क्रू देत गेले. चौकटीवर कोयंडा ठोकून झाला.

"लावा आता."

आईनं दार लोटलं, कडी सरकवली. ती कोयंड्यावर अडली. आत्यांनी कोयंडा जरा खाली घेतला. आईनं पुन्हा सरकवली. खट्.

आईनं कडी काढली. पुन्हा लावली. काढली. पुन्हा लावली. आमच्याकडे तिची पाठ होती. अख्खा हॉल तिच्या हाताकडे बघत होता आणि कुणीच हसत नव्हतं. काकांनी पुढं बोलायला सुरुवात केली नाही. आत्या तेवढ्यात मागच्या बाल्कनीचं दार तपासायला निघूनही गेल्या होत्या.

संध्याकाळी भेटायला आलेली माणसं पांगली. काकाही गेले. मिलिंदला सकाळची शिफ्ट होती म्हणून तो आणि आत्या स्टेशनकडे निघाले. आई म्हणाली, "जा, त्यांना खालपर्यंत सोडून ये." मिलिंद रिक्षा बघायला पुढे कोपऱ्यावर गेला. आत्या आणि मी फाटकाशी उभ्या राहिलो. मला काहीतरी बोलायचं होतं, पण जे बोलायचं होतं ते तोंडातून निघेना, म्हणून मी भलतंच विचारलं.

"तुम्हाला कडीचं कसं सुचलं, आत्या?"

त्यांनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग म्हणाल्या, "मिलिंदचे वडील गेले तवा आमी भोसरीला भाड्याच्या खोलीत व्हतो. दाराची कडी तुटलेली. मी त्यांना म्हनायची, बसवा, बसवा. ते म्हनायचे, रविवारी बसवतो. तसंच ऱ्हायलं. मंग मानसं आली, लई आली. चांगली मानसं. जाताना समदी म्हनली, काय लागलं तर सांग."

"मग सांगितलं नाहीत?"

"कसं सांगू? लाज वाटली. म्हनली असती, नवरा जाऊन चार दिस न्हाई झालं आन् हिला कडीची पडलीय." त्यांनी पदरानं ओठ पुसले. "दार लोटून त्याला पाटा लावायची. पोरगं पायाशी. कुनी बी दार ढकललं की पाटा घसरायचा आन् मी डोळं पुसून उठून बसायची. आता रडायचं म्हनलं तरी दार तर लागाया पायजे का न्हाई?"

"मग कुणी बसवली कडी?"

"मीच. दुकानातनं आनली. आयुष्यात कदी पाना हातात धरला नव्हता. पयली उलटी बसली. काढली, परत बसवली. परत वाकडी." त्या थोड्या हसल्या. "शेवटी लागली एकदाची. मंग दार लावलं, खाली बसले, आन् रडले. चांगली रडले."

कोपऱ्यावरून मिलिंदनं हाक मारली. आत्यांनी माझ्या गालाला हात लावला. हाताला लोखंडाचा वास होता. मग त्या झपाझपा चालत गेल्या आणि रिक्षात बसल्या. रिक्षा वळताना आवाज ऐकू आला, "अरे भाऊ, तुझा हा आरसा किती हलतोय!" रिक्षावाला काहीतरी म्हणाला, आणि मिलिंदनं कपाळाला हात लावलेला मला मागच्या काचेतून दिसला.

मी जिना चढून वर आले. दार बंद होतं. ढकललं तर उघडलं नाही. आतून कडी होती.

मी बेलकडे हात नेला. तेवढ्यात आतून आवाज आला. आधी मला तो ओळखूच आला नाही, कारण आईचा तसला आवाज मी कधी ऐकला नव्हता. लहान मुलासारखं मोठ्यानं, मध्ये दम लागून थांबत, पुन्हा सुरू होत ती रडत होती. बाबांना नावानं हाक मारत होती. आमच्यासमोर तिनं त्यांना कधीच नावानं हाक मारली नव्हती.

मी हात खाली घेतला आणि जिन्याच्या पायरीवर बसले.

थोड्या वेळानं वरच्या मजल्यावरच्या काकू डबा घेऊन खाली आल्या. मला पायरीवर पाहून दचकल्या. मग त्यांनाही आवाज ऐकू आला. त्या दाराकडे वळल्या तसा मी त्यांचा पदर धरला.

"काकू, आत्ता नको. तिनं दार लावून घेतलंय."

काकूंनी दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग डबा मांडीवर ठेवून त्या माझ्याशेजारी पायरीवर बसल्या.